भरताचं पिंप

सुकलाल पाटलाचे हात कधी गप्प बसत नसत, असं त्याची बायको धनुबाई म्हणायची, आणि सबंध ब्राह्मणपुरी गावात तिचं म्हणणं खोडून काढणारा कुणी नव्हता. घरात एकही वस्तू जशी आली तशी राहिली नाही. पाळण्याची दोरी काढून त्यानं सायकलची साखळी लावली, तेव्हा पाळणा असा करकरायला लागला की झोपलेलं पोर उठून बसायचं. कोठीची आतली कडी बाहेरून उघडता यावी म्हणून त्यानं एक युक्ती केली, आणि तेव्हापासून ती कडी आतूनही लागली नाही आणि बाहेरूनही. या सगळ्या उद्योगांना धनुबाई उचापती म्हणे. रागानं नाही म्हणायची, पण म्हणायची चारचौघांत, आणि सुकलाल मान खाली घालून हसायचा.

तिच्या स्वतःच्या एका कामात मात्र त्यानं कधी हात घातला नव्हता. ते म्हणजे चंपाषष्ठीचं भरीत.

आषाढात कांदेनवमीला आमच्याकडची माणसं शेवटचं वांगं खातात, ते थेट मार्गशीर्षातल्या वांगेसटीपर्यंत. मधले महिने वांगं तोंडात घालायचं नाही म्हणजे नाही. मग वांगेसटीला, म्हणजे चंपाषष्ठीला, खंडोबाच्या देवळासमोर पाटलांची सगळी भावकी जमते. कपाशीच्या वाळक्या काड्यांचा जाळ करून त्यात भरताची मोठी, फिकट हिरवी वांगी भाजतात. देवाला भरीत-भाकरीचा नैवेद्य दाखवायचा आणि मग पंगत बसायची. लग्न होऊन आल्यावर दुसऱ्याच वर्षी सासूनं धनुबाईच्या हातात वांगी उलटायची काठी दिली, ती तिनं आजतागायत दुसऱ्या कुणाच्या हाती जाऊ दिली नव्हती. घरात सोनं किती, वावर किती, याचा तिला अभिमान नव्हता. या काठीचा होता.

त्या वर्षी उन्हाळ्यात नंदुरबारच्या शिबिरात तिच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. डाव्याचा पुढच्या उन्हाळ्यात काढायचा होता. डॉक्टर मोठा समजूतदार माणूस, पण बोलला ते सरळ बोलला. "धूर आणि जाळ, दोन्हींपासून लांब राहायचं. डोळा हवा असेल तर चुलीपुढे बसायचं नाही."

घरची चूल सुनेनं सांभाळली, त्याचं धनुबाईला काही वाटलं नाही. पण दिवाळी झाली तसे भावकीतले सर्वांत वडील दोधूबाबा स्वतः घरी आले. खाटेवर बसले, पाणी प्यायले, आणि म्हणाले, "धनू, यंदा भाजानं काम शोभाले करू दे. तुन्हा डोया वाचाले पाहिजे."

"बरं, बाबा," धनुबाई म्हणाली. दुसरं काय म्हणणार? म्हातारा चुकीचं बोलत नव्हता.

शोभाबाई ही तिची धाकटी जाऊ. बाई वाईट नव्हती. पण तीही इतकी वर्षं शेजारी बसून मिरच्या भाजत आलेली, तिचेही हात शिवशिवत असणारच. आणि एकदा काठी हातातून गेली की ती परत येत नाही, हे धनुबाईला पक्कं ठाऊक होतं. तिच्या सासूच्या हातूनही ती अशीच गेली होती. दोधूबाबा उठून गेल्यावर धनुबाई गोठ्याच्या भिंतीला टेकून बसली. रडायचीही चोरी, कारण डॉक्टरनं डोळ्याला पदर लावायची मनाई केली होती. नाकानं तेवढं सूं सूं करत राहिली.

सुकलालनं ते पाहिलं. तो गोठ्यामागे गेला, आणि थोड्या वेळानं तिकडून कोंबडीचा कलकलाट ऐकू आला.

विहिरीवर ऑइल इंजिन बसवलं तेव्हाचं क्रूड तेलाचं एक पिंप गोठ्यामागे गंजत पडलेलं होतं आणि त्यात खुडूक कोंबडी बसायची. तिला अंड्यांसकट टोपलीत हलवून सुकलालनं पिंप परसात गडगडवत आणलं.

"हाई काय आते?" धनुबाईनं विचारलं.

"आग तुले नको, धूर तुले नको. पन वांगाले दोन्ही पाहिजेत. इतलंच तं शे."

"इतलंच? मंग मी कोठे बसू, शहादाले?"

"तू आठेच बसशी," तो म्हणाला, आणि छिन्नीवर पहिला हातोडा घातला.

त्यानंतर गल्लीला दुपारची झोप म्हणून राहिली नाही. सुकलालनं पिंप आडवं करून दोन दगडी ओट्यांवर ठेवलं. वरची बाजू लांबीनं कापून तिचं झाकण केलं आणि जुन्या ट्रंकेच्या बिजागऱ्या लावल्या. आत सळयांची जाळी टाकली, जाळीखाली काड्यांचा जाळ करायची जागा ठेवली, आणि वर रॉकेलचे डबे कापून, वळवून केलेलं धुराडं उभं केलं. तेलाचा वास जावा म्हणून आधी आत रिकामाच जाळ केला आणि सगळं पिंप राखेनं घासून काढलं. शेजारपाजारची माणसं कुंपणावरून बघून जात. कुणी विचारी की हे इंजिन काय उपसणार, पाणी की वांगी. सुकलाल त्यांनाही मान खाली घालून हसून दाखवायचा.

पण इथं एक घोळ होता, आणि तो आमच्याच मुलखातल्या माणसांचा व्हावा असा होता. पिंप झालं, वांगी मळ्यात लटकलेली, काड्यांची गंजी परसात रचलेली. भाजून बघायला काहीच अडचण नव्हती. चाखून कोण बघणार? वांगेसटीच्या आधी गावात एकही पाटील वांगं जिभेला लावणार नाही. म्हणजे भरीत कसं झालं ते कळणार थेट देवापुढे, सगळ्या भावकीच्या देखत. आणि त्या दिवशी ते बिघडलं तर धनुबाईची काठी कायमची गेली.

सुकलालला नवलसिंगची आठवण झाली. नवलसिंग हा त्यांचा सालदार, वर्षाच्या बोलीवरचा गडी, सातपुड्यातल्या धडगावकडचा पावरा आदिवासी. त्याच्या देवांना वांग्याचं काही वावडं नव्हतं. पहिलं भरीत झालं तसं सुकलालनं थाळी भरून परसातच त्याच्यापुढे ठेवली आणि नवरा-बायको दोघंही त्याच्या तोंडाकडे बघत बसली.

नवलसिंगनं दोन घास नीट चावून खाल्ले. "भाऊ, भरीत चांगलं शे," तो म्हणाला. "पन संगे इंजिन बी खाई ऱ्हायनू असं वाटस."

धनुबाई इतकी हसली की चष्मा उतरवावा लागला. सुकलाल हसला नाही. त्यानं पिंपात गोवऱ्या रचून ते बाहेरून लाल होईपर्यंत तापवलं, निवल्यावर पुन्हा घासलं, परत तापवलं. शेवटी आत डोकं घालून हुंगलं तेव्हा कुठे त्याचं समाधान झालं. शेतात सुगी चालू होती, म्हणून पुढच्या वेळेपासून चाखायची थाळी तो स्वतःच वावरात नवलसिंगकडे घेऊन जाऊ लागला. संध्याकाळी निकाल घेऊन यायचा.

दुसऱ्या वेळी तेलाचा वास गेला, पण निराळंच संकट उभं राहिलं. वांगी उलटायला धनुबाईनं झाकण उचललं तर आत कोंडलेला सगळा धूर भसकन तिच्या तोंडावर आला. ती मागे सरकली, डोळा चुरचुरायला लागला. सुकलाल धावला. त्यानं पाण्याचा तांब्या आणला, तिच्यापुढे उभा राहिला, आणि डोळ्याला काही झालं नाही अशी खात्री होईपर्यंत तिथून हललाच नाही. मग त्यानं जाळीखालचा जाळ विझवला, इतक्या दिवसांचं केलेलं काम उचकटलं, आणि पिंपाच्या एका टोकाला बाहेर विटामातीची चूल बांधायला घेतली. चुलीचं तोंड पिंपात उघडायचं. जाळ बाहेर राहील, त्याची आच आणि धूर तेवढा आत जाईल. धुराडं त्यानं दुसऱ्या टोकाला नेलं.

"राहू द्या ना आते," धनुबाई म्हणाली. "शोभा करी लेई."

"करी लेई ना. पन तिले काय माहीत वांगं कवय काढानं?" एवढं बोलून तो गारा तुडवायला लागला.

धनुबाईला हे नवीन होतं. पाळणा करकरला तेव्हा सुकलालनं तो तसाच सोडून दिला होता. कडी बिघडली ती आजही बिघडलेलीच होती. सुरू करायचं आणि कंटाळा आला की दुसऱ्या उद्योगाला लागायचं, असा हा माणूस. आणि हाच माणूस आता एकच पिंप पुन्हा पुन्हा मोडून बांधत होता.

तिसऱ्या भरताचा निकाल वाईट आला. "नवलसिंग म्हने, उकडेलगत लागस," सुकलालनं संध्याकाळी येऊन सांगितलं. "चुलीकडलं वांगं करपस, धुराडाकडलं कच्चं ऱ्हास. आनं धूर कोठेच लागत नही. भरीतले धुरानी चवच नही."

"इतलं बोलना नवलसिंग?" धनुबाईनं विचारलं. नवलसिंग तर चार शब्दांत दिवस काढणारा माणूस.

"बोलना," सुकलाल म्हणाला आणि पाय धुवायला गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं जे केलं ते धनुबाई जन्मात विसरली नाही. ज्यानं विडी कधी ओढली नव्हती त्या माणसानं नवलसिंगकडून विडी मागून आणली. थंड पिंपाजवळ बसला, झाकण बोटभर उघडं ठेवलं, विडीचा झुरका घेऊन चुलीच्या तोंडातून आत फुंकला, आणि खोकत खोकत आत डोळा लावून बघत राहिला. पुन्हा झुरका, पुन्हा खोकला, पुन्हा डोळा. शेजारची म्हातारी कुंपणावरून बघून गेली आणि तिनं गावभर सांगितलं की सुकलाल पाटील कामातून गेला.

पण त्याला दिसलं. आत गेलेला धूर सरळ वर चढत होता, झाकणाच्या पोटाला धरून धुराड्यातून निघून जात होता. खाली जाळीवरच्या वांग्यांकडे तो ढुंकूनही बघत नव्हता.

मग सुकलालनं धुराड्याचा डबा आतून वाढवला, पार जाळीपर्यंत खाली आणला. आता बाहेर पडायचं तर धुराला आधी खाली वांग्यांमधून यावं लागे. चुलीच्या तोंडाशी पत्र्याची एक आडवी फळी लावली, म्हणजे जाळ पहिल्याच वांग्यावर झेप घेणार नाही. धुराड्यात एक झडप बसवली, तिला तार बांधली, आणि तार धनुबाईच्या बसायच्या जागेपर्यंत आणून तिला लाकडी मूठ केली. झडप अर्धी लावली की धूर वांग्यांभोवती घोटाळायचा. झाकण उचलायच्या आधी तार ओढली की झडप पुरी उघडायची आणि सगळा धूर सरसर वर निघून जायचा. झाकणाच्या बिजागऱ्याही त्यानं काढून तिच्या बाजूला लावल्या, म्हणजे उघडलेलं झाकण तिच्यापुढे आडोसा म्हणून उभं राहील आणि ती बाजूनं काठी घालून वांगी उलटेल.

त्यानं ते चालू करून दाखवलं तेव्हा धनुबाई पाटावर बसली, तार ओढली, अंमळ थांबली आणि झाकण उचललं. डोळ्याला काही लागलं नाही. नाकाला मात्र लागला, तोच जुना वास, काड्यांच्या धुरात साल फुटलेल्या वांग्याचा. साल फुटल्याचा बारीक आवाज तर तिला लांबूनही ओळखू यायचा, त्याला डोळ्याची गरज नव्हती.

"जमनं," ती म्हणाली. आणि मग, त्याच्याकडे न बघता, "उचापती म्हनू नही आते तुमले."

"म्हन ना," सुकलाल म्हणाला. "माले सवय शे."

त्या दिवशी थाळी घेऊन तो वावरात गेला आणि संध्याकाळी हसत आला. नवलसिंग म्हने, असं भरीत कधी खादं नही.

चंपाषष्ठीच्या सकाळी बैलगाडीत घालून पिंप देवळापुढे आणलं. चूल मोडून आणलेल्या विटांचीच तिथं पुन्हा बांधली. दोधूबाबा पिंपाभोवती एक फेरी मारून आले, धुराड्यात वाकून बघितलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. "धनू, तू भाज. पन मी पह्यले चाखसू. तेलना वास ऊना, नहीतं उकडेल लागनं, तं पंगतले शोभानं भरीत. आनं पुढला सालथून बी शोभाच." म्हातारा निष्ठुर नव्हता. पंगत बसायची होती, देवाचं काम होतं, त्याला दुसरं काही म्हणता येत नव्हतं.

शेजारीच जमिनीवर शोभाबाईनं रीतसर जाळ केला होता. धनुबाईनं पाट घेतला. शिबिरात मिळालेली डोळ्यावरची हिरवी पट्टी चष्म्यावर पुढे ओढली, मूठ हातात घेतली. सुकलालनं चुलीत काड्या सारल्या. पहिली वांगी आत गेली आणि झाकण बंद झालं.

मग ती ऐकत बसली. आजूबाजूला भंडारा उधळला जात होता, येळकोट चालला होता, आणि ही बाई मान तिरकी करून पत्र्याआड साल कधी फुटते ते ऐकत होती. एकदा तार ओढली, वांगी उलटली. पुन्हा झडप अर्ध्यावर आणली. सुकलाल काड्या घालायला लागला तर हातानंच नको म्हणाली, अन् त्यानं ऐकलं. शेजारी शोभाबाईचे डोळे धुरानं लालभडक झाले होते आणि नाकातोंडातून पाणी वाहत होतं.

वांगी निघाली. साली सोलल्या, लाकडी बडगीत मिरच्या-लसूण घालून ठेचलं, तेल पडलं, कांद्याची पात पडली. देवाला नैवेद्य दाखवला. दोधूबाबांनी भाकरीचा तुकडा मोडला, घास घेतला आणि डोळे मिटून चावत राहिले. सगळी भावकी त्यांच्या जबड्याकडे बघत होती. धनुबाई परत पाटावर येऊन मूठ धरून बसली होती.

दोधूबाबांनी डोळे उघडले. "आखो एक भाकर आना," ते म्हणाले. आणि ती येईपर्यंत, "पुढला साल बी धनूच."

शोभाबाईनं आपल्या जाळावर पाण्याचा तांब्या ओतला आणि पदरानं तोंड पुसत पिंपाजवळ येऊन बसली. "बाई, माले बी शिकाडा हाई," ती म्हणाली. "मन्हा डोया बी एक दिन जातीनच." धनुबाईनं तिला सरकून जागा दिली. काठी दिली नाही.

पंगत बसली तेव्हा धनुबाई स्वतः बडगी घेऊन वाढायला निघाली. नवलसिंग पंगतीच्या टोकाला बसला होता. त्याच्या पानात तिनं दोन वाढण्या जास्त टाकल्या. "तुन्ही जीभ व्हती म्हनीसन जमनं हाई," ती म्हणाली.

नवलसिंग गोंधळला. "मन्ही? मी तं एकच दाव खादं, वहिनी. ते इंजिनवालं. मंग भाऊनी माले दिनंच नही. आंबाखाले एकलाच बठीसन खाये. माले वाटनं, भाऊले यंदा व्रत नही."

धनुबाईनं पंगतीत सुकलालला शोधलं. त्याच्या पानात भाकरी होती, वरण होतं, भाजलेली मिरची होती. भरताच्या जागी काही नव्हतं. खंडोबाला हात जोडण्याआधी पाणीही न पिणारा हा माणूस. आषाढात शेवटचं वांगं खाल्लं की दुसऱ्या दिवसापासून वांगेसट किती लांब ते विचारणारा. दर वर्षी सगळे उठल्यावर बडगीत बोट फिरवून चाटणारा.

ती त्याच्यापुढे गेली. "तुम्ही खादं ना? वांगेसटना पह्यले?"

सुकलालनं मान खाली घातली, पण हसला नाही. "दुसरा कोन सांगता? नवलसिंगले चांगलं विचारं तं चांगलं म्हने, वाईट विचारं तं वाईट. तुन्ही काठी त्यानावर सोडू का?"

"मंग आज कसाले खात नही?"

"सकाय देवले सांगी टाकं. नेम मोडा, आते जनमभर वांगं नही." मिरचीचा तुकडा मोडत तो म्हणाला, "तू मनाई करती, म्हनीसन सांगं नही."

इतकी वर्षं धनुबाई भरीत करत आली ते देवासाठी, असं तिला वाटत होतं. हा एक खाणारा कमी झाला तर त्यात करायचं काय उरलं, हे तिला आत्ता कळत होतं. डॉक्टरचं ऐकणं तिला त्या क्षणी जमलं नाही. पट्टीखालून पाणी आलंच.

"रडू नको, डोया जाई," सुकलाल म्हणाला. "खानं सोडं मी. वास लेवानं सोडेल नही."

पंगत उठली. उशिरा येणाऱ्या पाहुण्यांसाठी चार वांगी राहिली होती. ती धनुबाईनं पिंपात घातली आणि मूठ सरकवून झडप पुरी लावून टाकली, म्हणजे धूर आतच कोंडला. सुकलाल हात धुऊन आला आणि पिंपाच्या पलीकडच्या दगडावर बसला. धनुबाई पाटावरून उठली, झाकणाच्या आडोशाला तोंड फिरवून उभी राहिली, आणि त्याच्या बाजूनं झाकण बोटभर उघडं केलं. धूर सगळा त्याच्या अंगावर गेला, आणि तो तिथून हलला नाही.